उसाच्या पट्ट्यातल्या गावांसाठी बिबट्याचं भित्तिचित्र : काय काढावं, कुठे काढावं, कशानं काढावं (चर्चेचा धागा)

रानसई

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि तिकडे अकोले, संगमनेर या ऊसपट्ट्यात शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या भिंतींवर बिबट्या रंगवला जातो. बहुतेक ठिकाणी जबडा वासलेलं तोंड आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बिबट्या वाचवा'. ज्याच्या गोठ्यातून परवा शेळी गेली, त्याला या चित्रातून काय मिळतं? काहीच नाही. उलट भीती वाढते.

माझं म्हणणं असं, की या पट्ट्यातल्या भिंतीनं आधी माणूस कसा सुरक्षित राहील ते दाखवावं. बिबट्या त्यातूनच वाचतो. घबराट पसरली की जमाव जमतो, पिंजऱ्याची मागणी होते, कुणीतरी मेलेल्या शेळीवर विष टाकतं. पकडून लांब सोडणं हाही उपाय नव्हे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात तेच झालं आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुढे प्रसिद्ध केले आहेत.

अकोले तालुक्याच्या खोऱ्यात त्यांनीच कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे निघाले, तेही जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या शेतीभागात. म्हणजे बिबट्या 'आला' आणि 'गेला' असं इथे नसतं, तो राहतोच. चित्र या गृहीतावर बेतायला हवं.

२० फूट रुंद आणि ८ फूट उंच भिंत धरून मी चार प्रसंग सुचवते:

१. बंदिस्त गोठा. चारही बाजूंनी जाळी, वरूनही जाळी किंवा पत्रा, आतून-बाहेरून बसणारी कडी. बिबट्या कुडावरून चढून छपराच्या फटीतून उतरतो, आणि नेमकी तीच फट बहुतेक चित्रांत उघडी दाखवलेली असते.

२. उकिरडा, त्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. तीन टप्पे, डावीकडून उजवीकडे. अकोले भागातच विष्ठेवरून केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, वजनाच्या हिशेबात ३९ टक्के. त्यामुळे हा प्रसंग कुठल्याही परिस्थितीत गाळू नये.

३. संध्याकाळ. लहान मुलासोबत मोठं माणूस, हातात बॅटरी आणि काठी, मोबाइलवर गाणं सुरू.

४. उसाच्या फडात पिल्लं. हात न लावणारे, मागे सरकलेले लोक आणि वन विभागाचा १९२६ हा क्रमांक.

रंगकाम आणि प्राण्याची ठेवण यावर जाणकारांनी लिहावं.

---

कुंचलेवाला

रंगांपेक्षा भिंतीवर जास्त वेळ द्या. चित्र गळून पडतं ते जवळजवळ नेहमी खालच्या थरामुळे.

गावातल्या जुन्या भिंतींवर चुन्याचे थर असतात. तळहात घासून बघा. हाताला पांढरी भुकटी लागली तर त्यावर कुठलाही महागडा रंग टिकणार नाही, कारण रंग चुन्याला धरतो आणि चुना भिंतीला धरत नाही. पटाशीनं सुटेल तेवढा खरवडा, तारेच्या ब्रशनं घासा, पाण्यानं धुवा, दोन-तीन दिवस कडक वाळू द्या. मग रुंद चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर भुकटी आली तर पुन्हा खरवडणं आलं.

लोणा (भिंतीवर येणारा पांढरा क्षार) फुटलेला असेल तर आधी कोरडाच झाडून काढा. पाणी मारलं की क्षार विरघळून परत आत जातात आणि महिनाभरात रंगाखालून फुगे काढतात. ओल कळण्यासाठी दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून एक रात्र आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ती भिंत सोडा किंवा ओलीचं कारण आधी काढा. बहुतेक वेळा ते पन्हाळीतून गळणारं पाणी असतं, नाहीतर भिंतीला टेकलेला मातीचा ढीग.

नवं प्लास्टर असेल तर पाणी मारायचे २८ दिवस संपल्यावरही लगेच रंगवू नका, दोन-तीन महिने जाऊ द्या. ताज्या सिमेंटचा क्षार रंग खातो.

१६० चौरस फुटांचा हिशेब:
- बाहेरच्या भिंतीसाठीचा पाण्यातला प्रायमर : २ लिटर, एक हात
- पांढरा एक्स्टीरियर इमल्शन : ४ लिटर, दोन हात (लिटरमागे दोन हातांत साधारण ५० चौरस फूट)
- यलो ऑक्साइड, काळा आणि गडद हिरवा : प्रत्येकी १ लिटर
- रेड ऑक्साइड, तपकिरी : प्रत्येकी अर्धा लिटर
- वरून पाण्यातला पारदर्शक कोट : २ लिटर, दोन पातळ हात

भिंत खडबडीत असेल तर हे सगळं सव्वापट धरा.

स्टेनरबद्दल (छटेसाठी मिसळायचा दाट रंग) एक. पांढऱ्या रंगाच्या डब्यात स्टेनर ओतून गडद हिरवा किंवा काळा करायला जाऊ नका. लिटरला ३०-४० मिलिलिटरच्या वर स्टेनर गेला की रंग नीट वाळत नाही, उन्हानं उडतो आणि हाताला लागतो. गडद रंग दुकानातून गडद म्हणूनच आणा. बिबट्या ऑक्साइडच्या पिवळ्यातूनच काढा. लोहाचे रंग उन्हात वर्षानुवर्षं राहतात, भडक लिंबू-पिवळे आणि गुलाबी पहिल्याच उन्हाळ्यात फिके पडतात.

ऑइल पेंट सिमेंटच्या भिंतीवर नको. स्वस्त पडतो आणि चकाकतो म्हणून लोक वापरतात, पण आतली वाफ बाहेर पडू देत नाही आणि सिमेंटच्या क्षारानं त्यातलं तेल साबणासारखं होतं. मग पापुद्रे निघतात.

---

शिवारकर

+१. एक भर घालतो. खालचे दोन फूट चित्रासाठी धरूच नका. पावसात जमिनीवरचं पाणी उडतं, पोरं पाय टेकवून उभी राहतात, सायकली घासतात. तिथे गेरूचा साधा पट्टा मारा. म्हणजे ८ फुटांतले ६ फूटच चित्राला मिळतात, आखणी त्याच हिशेबानं व्हावी.

कामाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. तापलेल्या भिंतीवर रंगातलं पाणी एका क्षणात उडतं, थर एकजीव होत नाही आणि ब्रशचे जोड दिसत राहतात.

---

पाणवठा

आता प्राण्याबद्दल. भिंतीवरचे निम्मे बिबटे हे चित्ते असतात किंवा इंटरनेटवरून उचललेले जॅग्वार. गावातल्या माणसानं खरा बिबट्या पाहिलेला असतो, त्याला चूक लगेच दिसते आणि मग बाकीच्या मजकुरावरही तो विश्वास ठेवत नाही.

- डोळ्यांपासून तोंडाकडे येणारी काळी रेघ चित्त्याची. बिबट्याला ती नसते.
- अंगावर गुलाबासारखी तुटक कडी असतात आणि कड्याच्या आत ठिपका नसतो. आत ठिपके दिसले की तो जॅग्वार, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला.
- कडी फक्त पाठ आणि कुशीवर. डोकं, मान, पाय आणि पोटावर भरीव ठिपके.
- कड्याच्या आतला रंग बाहेरच्या अंगापेक्षा थोडा गडद.
- बाहुली गोल. घरच्या मांजराकडे बघून उभी चीर काढतात, ती चूक.
- कानांची मागची बाजू काळी, मध्ये पांढरा डाग. शेपूट लांब, टोकाला खालून पांढरी.

रंगवण्याचा क्रम: यलो ऑक्साइड ४ भाग, पांढरा ३ भाग आणि चिमूटभर रेड ऑक्साइड हा अंगाचा रंग. गळा, पोट आणि पायांची आतली बाजू पांढरी, ओल्यातच मिसळून घ्या म्हणजे कडक रेघ येत नाही. वाळलं की अंगाच्याच रंगात थोडा तपकिरी घालून दीड-दोन इंचांचे डाग टाका, ओळी खांद्याकडून शेपटीकडे थोड्या तिरक्या उतरत्या. शेवटी काळ्यानं प्रत्येक डागाभोवती तीन ते पाच तुटक फटकारे, ६ किंवा ८ नंबरच्या गोल ब्रशनं. सलग वर्तुळ काढलं की प्राणी छापील दिसतो. खडबडीत भिंतीवर मऊ नायलॉनचा ब्रश दोन दिवसांत झिजतो, डुकराच्या केसांचा घ्या.

आणि तोंड मिटलेलं ठेवा. चालता बिबट्या, मान किंचित खाली, नजर समोर. तो बहुतेक वेळा असाच दिसतो.

---

रानसई

पाणवठा, फार उपयोगी. याला जोडून खऱ्या मापाचं चित्र सुचवते. खांद्याशी बिबट्याची उंची ६० ते ७० सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आतबाहेर. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत चार-साडेचार फूट, पुढे अडीच-तीन फूट शेपूट. हा प्राणी खऱ्या मापात काढा आणि त्याच्या शेजारी, त्याच जमिनीच्या रेघेवर, तीन काळ्या सावल्या काढा: उभा माणूस, उकिडवी बसलेली बाई, पाच वर्षांचं मूल.

उभा माणूस बिबट्याच्या दुपटीहून उंच दिसतो. बसलेली बाई आणि मूल मात्र त्याच्या डोक्याच्या जवळपास येतात, शेळीच्या मापाचे. अंधार पडल्यावर वाकून गवत का कापू नये, उघड्यावर का बसू नये आणि मुलाला एकटं का सोडू नये, हे या एका रांगेतून कळतं. खाली एकच ओळ पुरते: 'अंधारात वाकू नका, सोबतीनं चाला'.

---

अक्षरओळख

मजकुराबद्दल. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळीला जागा जास्त लागते. ३० फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षराचा मधला भाग किमान ४ इंच आणि ओळीची पूर्ण उंची ६-७ इंच धरा. शिरोरेघ आधी सूत मारून पक्की करा. सुताला खडूची पूड लावा. नीळ लावली तर ती पांढऱ्या रंगातून वर येते आणि दोन हातांनीही झाकत नाही.

एका प्रसंगाला सहा-सात शब्द, त्याहून जास्त नको. कुणाचा वैयक्तिक मोबाइल क्रमांक रंगवू नका, वनरक्षकाची बदली होते आणि भिंतीवर चुकीचा क्रमांक राहतो. भरपाईची रक्कमही नको, शासन निर्णय बदलतात. '१९२६' आणि 'पंचनाम्यापर्यंत मेलेलं जनावर हलवू नका' एवढं पुरे.

---

फडकरी

धागा चांगला चालला आहे, पण सगळे शाळेच्या भिंतीवर अडकले आहात. चौथा प्रसंग ज्याच्यासाठी आहे तो माणूस त्या शाळेपर्यंत जातच नाही.

पिल्लं सापडतात ती तोडणीत. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. ऊस तोडणारा कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, बीडकडून, अहिल्यानगरच्या पूर्व भागातून आलेला असतो. टोळी आज या गावात, दहा दिवसांनी दुसऱ्या. राहणं कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. पहाटे अंधारात फडात उतरणं, पोरं पाचटावर बांधावर झोपवलेली. सगळ्यात जास्त धोका याच लोकांना आहे आणि बहुतेक चित्रं त्यांना दिसणारच नाहीत अशा जागी आहेत.

त्यांच्यासाठीच्या जागा वेगळ्या: कारखान्याच्या वजनकाट्याची भिंत, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गव्हाणीकडे (ऊस गाळपाला टाकतात तिथे) जायला जिथे तासन्‌तास रांगेत थांबतात ती कुंपणाची भिंत, गाडीअड्ड्यावरची पाण्याची टाकी. परवानगी कारखान्याच्या शेती विभागाकडून मिळते. भिंत ऑक्टोबरच्या आत तयार हवी, गाळप सुरू झालं की तिथे परांची लावायला जागा राहत नाही. पाऊस लांबला तर छपराखालची भिंत निवडा.

चित्रात हे असावं: फड चारही बाजूंनी वेढून न तोडता एका बाजूनं तोडत जाणं, म्हणजे मादीला दुसऱ्या बाजूनं निघून जाता येतं. पिल्लू दिसलं की कोयते खाली, सगळे मागे, मुकादमाच्या कानाला फोन. लांब बांधावर बाजेवर पोर आणि शेजारी एक मोठं माणूस बसलेलं, कारण पोराला एकटं ठेवू नका हे सांगायचं तर कोण थांबणार हेही चित्रात दिसायला हवं. आणि शेवटची चौकट रात्रीची: त्याच जागी ठेवलेला खोका, मादी पिल्लाला मानेला धरून नेताना.

ही शेवटची चौकट कधीही गाळू नका. आज काम थांबवलं तर उद्या फड मोकळा होतो, हे मुकादमाला त्यातूनच पटतं. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसं आणि वन विभाग पिल्लं अशीच आईला परत मिळवून देतात: तपासणी करून संध्याकाळी सापडल्या जागीच ठेवतात, कॅमेरा लावतात आणि माणसं लांब थांबतात. कुणी पिल्लू उचलून गावात नेलं, फोटो काढत फिरवलं, की मादी त्या शेतात शोधत फिरते आणि तीच वेळ सगळ्यांत धोक्याची.

---

पाणवठा

फडकरी, शंभर टक्के सहमत. एक पुरवणी: उसात रानमांजराची आणि वाघाटीची (ठिपक्यांची छोटी रानटी मांजर) पिल्लंही सापडतात आणि लोक त्यांना बिबट्याची समजतात. भिंतीवर तिघांची ओळखपरेड काढायचा मोह होईल, काढू नका. नियम तिघांनाही तोच आहे: हात लावायचा नाही, मागे व्हायचं, फोन करायचा. ओळख पटवायला जवळ जावं लागतं आणि तेच टाळायचं आहे.

---

उंबरठा

एक वेगळा मुद्दा. ज्या गावात नुकताच माणूस गेला आहे, मूल गेलं आहे, तिथे काय करायचं?

---

रानसई

तिथे लगेच भिंत रंगवू नये, असं मला ठामपणे वाटतं. त्या घरासमोरून रोज जाणाऱ्यांना ते चित्र बोचतं आणि लोक त्यावर काळं फासतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. आधी दिवे, गोठ्यांना जाळी, मुलांना शाळेत सोडायची सोय. चित्र नंतर आणि तेही ग्रामसभेत विचारून. काढायचं झालंच तर बिबट्याशिवाय काढता येतं: फक्त गोठा, दिवा, सोबतीनं चालणारी माणसं. सुरक्षेचा मजकूर प्राण्याच्या चेहऱ्याशिवायही पोचतो.

परवानगीही तोंडी घेऊ नका. शाळेची भिंत असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, इतरत्र ग्रामपंचायतीचा ठराव. मजकूर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी कागदावर दाखवा.

---

गेरूमाती

शैलीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. 'वन्यजीव' म्हटलं की सरसकट वारली आकृत्या काढायची पद्धत पडली आहे. वारली ही पालघर-ठाणे-डहाणूकडची, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीनं आणि टोक चेचलेल्या बांबूच्या काडीनं काढायची कला. लग्नाचा चौक तिथल्या बायका काढत आल्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वाघोबा त्या लोकांचा देव आहे, लाकडी पाटीवर कोरलेला वाघ आणि वर चंद्र-सूर्य. हे सगळं उचलून शिरूरच्या भिंतीवर सजावट म्हणून लावायचं, ते मला योग्य वाटत नाही. वारली हवी असेल तर वारली चित्रकाराला बोलवा, मानधन द्या आणि काय काढायचं ते त्यालाही ठरवू द्या.

अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात मात्र खरा धागा आहे. तिथे वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात, गुरं सांभाळ म्हणून वाघाला नैवेद्य दाखवतात. त्या गावात चित्र काढायचं तर वाघबारसेच्या आधीच्या आठवड्यात काढा, लोक स्वतःहून सांगतात काय हवं ते.

---

कुडाळी

फडकरी यांच्या मुद्द्याला जोडून. फिरत्या लोकांसाठी फिरतं चित्र लागतं आणि ते आपल्याकडे आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी समोर धरतात, एकेक चित्र पुढे सरकतं आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं कथा चालते. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये याच कामासाठी पद्मश्री मिळाली.

त्यांच्या चित्रांची नक्कल नको, पण एका वेळी एकच चित्र ही रीत कोपीवर चालते. बनवायचं कसं: जाड मांजरपाट, प्रत्येक तुकडा २ फूट बाय अडीच फूट. फेव्हिकॉल आणि पाणी एकास तीन, एक हात. वाळलं की पांढरा प्रायमर दोन पातळ हात. रंग तेच भिंतीचे, पण पातळ लावा, जाड थर गुंडाळताना तडकतो. वर-खाली बांबूची काठी शिवून घ्या. सात-आठ चित्रं एका माणसाला खांद्यावर नेता येतात.

फ्लेक्स स्वस्त पडतो खरा, पण अंधारात बॅटरीच्या उजेडात चकाकतो आणि काही दिसत नाही. शिवाय तो दुसऱ्या दिवशी कोपीच्या छपरावर जातो. गरजेची वस्तू आहे ती, त्यांना दोष देता येत नाही. वेळ रात्रीच्या भाकरीनंतरची, पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, पहाटे तीनला उठायचं असतं त्यांना. बायका पुढे बसतील असं बघा, पोरं त्यांच्यापाशी असतात.

---

अक्षरओळख

उपयोग झाला का ते कसं बघायचं, यावरही दोन ओळी. 'चित्र आवडलं का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. चित्राच्या आधी आणि दोन महिन्यांनी तेच प्रश्न, तोंडी: पिल्लू दिसलं तर पहिलं काय कराल? क्रमांक कोणता? गोठ्याला वरून काय आहे? मग प्रत्यक्ष गोठे मोजा. जाळी घातलेले गोठे वाढले नसतील तर तो प्रसंग नीट उतरलेला नाही किंवा जाळीच परवडत नाही, आणि दुसऱ्या कारणाला चित्राचा इलाज नाही, योजनेचा अर्ज भरून द्यावा लागतो.

---

शिवारकर

देखभाल राहिली. दिवाळीच्या सुट्टीत भिंत कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, साबण नको. शेवाळ आलं असेल तर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी, दहा मिनिटं, मग साधं पाणी. हातमोजे घालून. काळा आणि पिवळा रंग अर्धा-अर्धा लिटर झाकण घट्ट लावून शाळेत ठेवून द्या, डब्यावर कंपनीचा छटेचा क्रमांक लिहा. नंतर आणलेला पिवळा जुन्याशी जुळत नाही आणि ठिगळ दिसतं. गेरूचा खालचा पट्टा दरवर्षी मारायचा. १९२६ हा आकडा फिका पडला तर बाकी भिंत तशीच ठेवा, आधी तो उजळा.